पडद्यावरचे पाठभेद

प्रत आणि पाठभेद हे शब्द आपल्या कानांना परके नाहीत. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत लिहिणाऱ्यांच्या हस्तदोषाने आणि कधीकधी हौसेनेही अपपाठ शिरले होते. ते काढून नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली, ही हकीकत बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. आज आम्ही ज्या पाठभेदांविषयी बोलणार आहोत ते मात्र बोरूने झालेले नाहीत. विजेचे फेरे, बाजारभाव, कायदेकानू आणि व्यापाऱ्याची धास्ती यांनी ते घडवले आहेत. विषयही असा की ऐकताच काहींच्या भुवया उंचावतील. जपानी चलचित्रे, ज्यांस तेथे ‘ॲनिमे’ म्हणतात, त्यांच्या घरी बसून पाहावयाच्या प्रती, म्हणजे कॅसेटी आणि तबकड्या, देशोदेशी निरनिराळ्या दर्जाच्या का निघाल्या, हा तो विषय.

ही पोरासोरांची करमणूक, तिचा इतिहास कसला, असे कोणी म्हणेल. त्यांना एवढेच आठवून द्यावेसे वाटते की १९९३ पासून दूरदर्शनवर रविवारी ज्या मोगलीने घरेच्या घरे थोपवून धरली, तो मोगली १९८९ साली जपानात, निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेत जन्मला होता. तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्याच्या आत येऊन गेलेला आहे. शिवाय ग्रंथाची वाईट प्रत हाती आली तर जाणता वाचक ती ओळखतो. चित्राची वाईट प्रत हाती आली तर पाहणारा तिलाच मूळ समजतो, आणि त्याच्या आठवणीत तीच राहते.

आरंभ विजेपासून करावा लागतो. अमेरिकेत घरोघरची वीज सेकंदाला ६० फेरे घेते, युरोपात ५०. दूरचित्रवाणीची यंत्रे प्रथम बनली तेव्हा चित्राचा ठेका विजेच्या ठेक्याशी जुळवून घेणे सोयीचे होते, नाहीतर पडद्यावर पट्टे सरकत. म्हणून अमेरिकेने १९४१ साली ५२५ ओळींची आणि सेकंदाला ६० अर्ध्या चित्रांची पद्धत ठरवली. पुढे रंग आल्यावरही, १९५३ साली, तोच सांगाडा कायम राहिला. युरोपाने ६२५ ओळी आणि ५० अर्धी चित्रे घेतली. त्यावर जर्मनीत वॉल्टर ब्रूख यांनी रचलेली पाल ही रंगपद्धत १९६७ पासून तेथे रूढ झाली. आपल्याकडे १९५९ साली दिल्लीत दूरचित्रवाणी आली ती ६२५ ओळींची, आणि १९८२ साली रंग आला तोही पाल पद्धतीचा. जपानने मात्र अमेरिकेची वाट धरली. गंमत अशी की खुद्द जपानात अर्धा देश ५० फेऱ्यांच्या विजेवर चालतो आणि अर्धा ६० च्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, ती दुही आजतागायत मिटलेली नाही. पण दूरचित्रवाणी साऱ्या देशात एकच, अमेरिकन धाटणीची.

आता चित्रपट सेकंदाला २४ चौकटी चालतो. २४ चे ६० करायचे तर एक चौकट दोनदा, पुढची तीनदा, अशी आळीपाळीने दाखवावी लागते. हालचाल किंचित अडखळते, पण वेळ तेवढाच लागतो. युरोपात हिशेब निराळा. २४ ला २५ फार जवळ, म्हणून त्यांनी सरळ चित्रपटच थोडा जलद पळवला. शेकडा चार एवढाच फरक, पण १२५ मिनिटांचा चित्रपट १२० मिनिटांत संपतो आणि पात्रांचे आवाज, संगीत, सारे पाऊण अर्धस्वराच्या आसपास वर चढते. ज्याचा कान तयार आहे त्याला गाणे वरच्या पट्टीत लागल्यासारखे वाटते. इतरांना काहीच जाणवत नाही. पण मूळ फिल्म हाती असेल तर युरोपातल्या प्रतीत एक लाभही होता. अमेरिकन पद्धतीत डोळ्यांना दिसणाऱ्या ओळी ४८०, युरोपात ५७६. म्हणजे चित्र अधिक रेखीव आणि काळ थोडा आखूड, असा तो सौदा.

दुर्दैवाने मूळ फिल्म क्वचितच परदेशी जाई. जपानहून यायची ती जपानी पद्धतीत उतरवलेली फीत. तिच्या ६० चित्रांतून ५० काढायची म्हणजे यंत्राने दोन शेजारच्या चित्रांचे मिश्रण करून मधले एक कल्पायचे. जिवंत माणसांच्या चित्रणात हा दोष खपून जातो, कारण तेथे हालचालीत धूसरपणा असतोच. ॲनिमेत तो खपत नाही. याचे कारण त्या कलेच्या काटकसरीत आहे. १९६३ च्या १ जानेवारीला ओसामु तेझुका यांचा ‘तेत्सुवान आतोमु’ जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाला तेव्हा दर आठवड्याला अर्धा तास भरायचा होता आणि पैसा तुटपुंजा होता. म्हणून एकच चित्र दोन किंवा तीन चौकटींपर्यंत स्थिर ठेवण्याची रीत तेथे रुजली. सेकंदाला बारा किंवा आठच चित्रे, आणि प्रत्येकाभोवती काळी स्वच्छ रेघ. अशा दोन चित्रांचे मिश्रण केले की एका हाताचे दोन हात दिसू लागतात. इंग्लंडातल्या पुष्कळ रसिकांनी ही कला प्रथम पाहिली ती अशी, भुतासारख्या दुहेरी रेघांतून.

कॅसेटचे यंत्रही या कलेला सोयीचे नव्हते. १९७६ साली जपानात निघालेल्या व्हीएचएस फितीवर रंगाची नोंद फार ढोबळ होते. लाल रंग तर रेघेबाहेर पाझरतोच. जलरंगी पार्श्वभूमी आणि सपाट भडक रंगांचे पोशाख यांची त्यात जी दैना व्हायची ती झाली. तरीही कॅसेटने या धंद्याचे रूप पालटले. १९८३ च्या डिसेंबरात ‘दालोस’ हे चित्र जपानात निघाले, ते ना चित्रपटगृहासाठी ना दूरचित्रवाणीसाठी. थेट कॅसेटवर विकण्यासाठीच ते बनवले होते. दिग्दर्शक मामोरु ओशी. तेव्हापासून घरी पाहणारा हा एक स्वतंत्र गिऱ्हाईक ठरला, आणि जपानी व्यापाऱ्याने त्याला चांगलेच महाग विकले.

परदेशी व्यापाऱ्याच्या हातात तेव्हा कात्री होती. हायाओ मियाझाकी यांचा १९८४ सालचा ‘नाउसिका’ ११७ मिनिटांचा. १९८५ साली अमेरिकेत तो ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने आला तेव्हा सुमारे २२ मिनिटे गळाली होती, पात्रांची नावे बदलली होती आणि वनस्पती व कीटक यांच्याविषयीचे जे चिंतन त्या चित्रपटाचा गाभा आहे तेच पातळ झाले होते. त्याच वर्षी ‘रोबोटेक’ आला. अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांना रोज दाखवायला किमान ६५ भाग लागत, आणि ‘माक्रोस’ मालिकेचे भाग होते अवघे ३६. मग एकमेकींशी काहीही नाते नसलेल्या तीन मालिका जोडून कार्ल मॅसेक यांनी ८५ भागांची एक कथा उभी केली. जुन्या बखरींत दोन घराण्यांच्या वंशावळी एकत्र शिवून दिलेल्या सापडतात, त्याची येथे आठवण होते. एवढे मात्र म्हटले पाहिजे की या शिवणकामानेच हजारो अमेरिकन मुलांना पुढे मूळ मालिकेचा शोध घ्यायला लावले. मॅसेक यांना शिव्या देणारेही त्यांच्याच दारातून आत आले होते.

इंग्लंडात कात्री सरकारी होती. १९८४ च्या कायद्याने विकाऊ कॅसेटवर वयाचा शिक्का घेणे सक्तीचे झाले, त्याची फी लांबीप्रमाणे. ‘उरोत्सुकिदोजी’सारख्या बीभत्स चित्रांना तेथे मोठी काटछाट सोसावी लागली, आणि त्याची दया यावी असे आम्हांस वाटत नाही. पण उलट प्रकारही घडला. प्रौढांसाठीचा शिक्का असला की तरुण मुले कॅसेट घेतात, हे ओळखून इंग्रजी डबिंगमध्ये मूळात नसलेल्या शिव्या मुद्दाम घालण्यात आल्या. प्रक्षेपाचा असा प्रकार कोणत्याही पोथीत आमच्या तरी पाहण्यात नाही.

१९९६ च्या नोव्हेंबरात जपानात डीव्हीडी आली, पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेत. आता एका तबकडीवर दोन भाषांचे आवाज आणि सबटायटल मावू लागले. त्यापूर्वी अमेरिकेत डबिंगची कॅसेट वेगळी आणि सबटायटलची वेगळी, व दुसरी बहुधा महाग असे. सोय झाली, पण त्याबरोबर जगाची वाटणीही झाली. अमेरिका व कॅनडा पहिला विभाग, जपान व युरोप दुसरा, आग्नेय आशिया, कोरिया, हाँगकाँग तिसरा, ऑस्ट्रेलिया व लॅटिन अमेरिका चौथा, भारत, रशिया व आफ्रिकेचा बराच भाग पाचवा, चीन सहावा. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्राने चालवू नये, असा संकेत. जपान आणि युरोप यांना एका विभागात घातले तरी त्यांच्या पद्धती ६० आणि ५० च्याच राहिल्या. आपल्याकडे कोणतीही तबकडी चालवणारी यंत्रे राजरोस विकली गेली. पाचव्या विभागाचे कुंपण आपण फारसे मनावर घेतले नाही.

या काळातल्या दोन घटना सांगण्याजोग्या आहेत. मियाझाकी यांचा ‘मोनोनोके हिमे’ १९९७ चा. ‘नाउसिका’च्या अनुभवाने पोळलेल्या या मंडळींनी आता एकही चौकट कापायची नाही अशी अट घातली होती, निर्माते तोशिओ सुझुकी यांनी अमेरिकन वितरकाकडे एक जपानी तलवार पाठवून ती अट पोहोचवल्याची कथा प्रसिद्ध आहे, आणि मियाझाकी यांनीही ते काम आपल्या निर्मात्याचे असल्याचे सांगितले आहे. काटछाट झाली नाही. परंतु २००० साली डीव्हीडी निघायची तेव्हा तीत मूळ जपानी आवाजच नसणार असे जाहीर झाले. रसिकांनी सह्यांचे अर्ज केले, प्रकाशन लांबले, आणि वर्षअखेरीस तबकडी निघाली ती जपानी आवाजासह. ग्राहकाने पाठभेदाविरुद्ध उभे राहून मूळ पाठ मिळवल्याचे हे उदाहरण आहे.

दुसरी घटना खुद्द जपानातली, आणि मूळ देशातली प्रत ती शुद्ध प्रत असे मानणाऱ्यांनी ती ध्यानात घ्यावी. ‘सेन तो चिहिरो’, ज्याला इंग्रजीत ‘स्पिरिटेड अवे’ म्हणतात, तो २००१ सालचा. जपानी डीव्हीडी जुलै २००२ मध्ये निघाली. घरी नेऊन लावली तो सारे चित्र तांबूस. पांढरे ढग गुलाबी, पांढरे कपडे गुलाबी. काढणाऱ्यांनी रंग योग्यच असल्याचे सांगितले. ग्राहक न्यायालयापर्यंत गेले. ती छटा जपानी प्रतीतून नाहीशी झाली २०१४ च्या ब्लू-रेत. बारा वर्षे जपानी मुलांनी आपल्या देशातला सर्वांत गाजलेला चित्रपट लाल काचेतून पाहिल्यासारखा पाहिला.

आता भावाकडे वळू, कारण दर्जाच्या फरकाचे खरे मूळ तेथे आहे. जपानात मालिकेची डीव्हीडी म्हणजे बहुधा दोन भाग, आणि किंमत सहा-सात हजार येन. मालिका पुरी करायची तर अशा सहा-सात तबकड्या. घेणारे थोडे पण निष्ठावंत. त्यांच्याच खिशातून मालिकेचा खर्च निघायचा. म्हणून त्यांना जाड पुठ्ठ्याची पेटी, पुस्तिका, आणि मुख्य म्हणजे सुधारलेले चित्र मिळे. प्रक्षेपणाच्या घाईत राहिलेली वाकडीतिकडी चित्रे तबकडीसाठी पुन्हा काढली जात. २०११ च्या ‘मादोका माजिका’त असे बदल कित्येक आहेत. अमेरिकेत तोच माल पाव किमतीत, एका तबकडीवर चार-पाच भाग कोंबून विकला जाई. तबकडीची जागा ठरलेली. भाग जितके अधिक, तितके प्रत्येकाच्या वाट्याला माहितीचे माप कमी. ॲनिमेत आकाशाचा रंग निळ्यापासून फिक्यापर्यंत हळूहळू विरत जातो, तेथे माप कमी पडले की विरणे जाऊन पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात. बांदाई व्हिज्युअल या कंपनीने २००५ साली अमेरिकेत शाखा काढून जपानी थाटाचा माल जवळजवळ जपानी भावाने विकून पाहिला; २००८ साली तो उद्योग आवरला. अमेरिकन रसिकाला दर्जा नको होता असे नाही, पण तेरा भागांसाठी तो एवढे पैसे मोजायला तयार नव्हता.

आणि मग ब्लू-रे आली, २००६ साली. या तबकडीवर सेकंदाला २४ चौकटी जशाच्या तशा उतरतात, १०८० ओळी सर्व देशांत सारख्याच. पन्नास-साठचे भांडण तत्त्वतः मिटले. परंतु विभाग तीनच केले आणि त्यांत जपान व अमेरिका एकाच, ‘ए’ विभागात पडले. आता ओसाकाचा गिऱ्हाईक अमेरिकेतून तीच मालिका कितीतरी स्वस्तात मागवू शकत होता, आणि ती त्याच्या यंत्रावर बिनतक्रार चालणार होती. आपलाच माल उलट वाटेने परत येऊन आपलाच बाजार बुडवणार, ही धास्ती जपानी प्रकाशकांना पडली. त्यावर त्यांनी जे उपाय योजले ते मासलेवाईक आहेत. परदेशी प्रत महिनोन्‌महिने उशिरा काढायची. जपानी आवाज लावला की इंग्रजी सबटायटल बंदच करता येऊ नये अशी कळ बसवायची. कधी तर जपानी आवाजच गाळायचा: ‘पर्सोना ४’ची अमेरिकन ब्लू-रे २०१२ साली निघाली तिच्यात तो नव्हता, आणि साध्या डीव्हीडीत मात्र होता! म्हणजे अधिक पैसे देऊन चांगले चित्र घेणाऱ्याला मूळ आवाजाला मुकावे लागले. येथे दर्जा यंत्राच्या मर्यादेने घटलेला नाही. दोन बाजारांतली भावाची दरी राखण्यासाठी एका बाजारातली प्रत जाणूनबुजून अपुरी ठेवलेली आहे. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत खेदजनक भाग हाच. हस्तदोष क्षम्य असतो. मूळ पाठ शेजारी उघडा असताना पान फाडून विकणे ही निराळी गोष्ट आहे.

परदेशी प्रकाशकांचा स्वतःचा हातही यात निर्दोष नाही. ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही मालिका १९८९ ते १९९६ या काळात जपानात झाली. २९१ भाग, चित्र जुन्या ४:३ या मापाचे. २००७ साली अमेरिकेत तिचे संच निघाले ते रुंद पडद्याला भरतील असे, वरून-खालून कापून. फिल्मच्या कडेचा थोडा अधिक भाग मिळाला हे खरे, पण कोणाच्या डोक्यावरचे केस गेले, कोणाची हनुवटी. कण काढण्याच्या नादात बारीक रेघाही पुसल्या गेल्या. जपानात २००३ साली निघालेल्या चांगल्या संचावरून २००९ पासून पूर्ण चित्राची प्रत अमेरिकेत मिळू लागली. पण ब्लू-रेचे संच २०१३ च्या अखेरीस निघाले ते पुन्हा कापलेलेच. मोठा पडदा घेतलेल्या गिऱ्हाइकाला बाजूच्या काळ्या पट्ट्या खपत नाहीत, हे त्याचे कारण.

एक पाठभेद मुलांच्या जिवाशी निगडित आहे, तोही नोंदवला पाहिजे. १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लखलखला आणि सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हापासून जपानी वाहिन्या झगमगाटाची दृश्ये मंद व धूसर करून दाखवतात, आणि तबकडीत ती बहुधा पूर्ववत उजळ होतात. येथे शुद्ध पाठ कोणता, असे विचारले तर उत्तर सोपे नाही. परदेशी प्रेक्षक पुष्कळदा मंद केलेली प्रतच पाहतो आणि चित्रकाराने एवढे काळोखे का रंगवले म्हणून नवल करतो.

आता नव्या प्रती मूळ फिल्मवरून काढल्या जातात आणि त्यात एक विचित्र प्रकार उघड झाला आहे. १९८८ चा ‘आकिरा’ काचेसारख्या पारदर्शक पत्र्यांवर रंगवून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर टिपलेला. त्याची डीव्हीडीसाठी, मग २००९ साली ब्लू-रेसाठी, मग २०२० साली ४के प्रत निघाली, आणि प्रत्येक वेळी फिल्मने काही अधिक दिले. पण २००० सालच्या सुमारास जपानी चित्रशाळा पत्रे सोडून संगणकावर रंग भरू लागल्या, तेव्हा पुष्कळशा मालिका ४८० ओळींच्या मापातच तयार झाल्या. त्यांना मूळ फिल्म नाहीच. त्या कितीही ताणल्या तरी ४८० ओळींच्याच. आजोबांचे चित्र स्वच्छ आणि नातवाचे धूसर! पत्र्यांवर रंगवण्याची जुनी रीत ‘साझाए-सान’ या मालिकेने मात्र २०१३ पर्यंत सोडली नव्हती.

शेवटी आपल्या घरच्या एका प्रतीविषयी. युगो साको या जपानी गृहस्थांनी रामायणावर चलचित्र काढायचे ठरवले. दिग्दर्शनात त्यांच्याबरोबर कोइची सासाकी आणि मुंबईचे राम मोहन होते, संगीत वनराज भाटिया यांचे. चित्रपट १९९२ साली पुरा झाला, १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला, पण देशभरच्या चित्रपटगृहांत तेव्हा पोहोचला नाही. अमेरिकेत तो निराळ्या नावाने, जेम्स अर्ल जोन्स यांच्या निवेदनासह आला. तेथला राम ब्रायन क्रॅन्स्टन यांच्या आवाजात बोलतो. आपल्याकडच्या मुलांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला, हिंदीत, आणि त्यातला राम अरुण गोविलांच्या आवाजात बोलत होता, रावण अमरीश पुरींच्या. मूळ आवाज इंग्रजी आणि गाणी संस्कृत, हे फार थोड्यांना ठाऊक होते. साको २०१२ साली वारले, राम मोहन २०१९ साली. नंतर ४के दर्जाची प्रत सिद्ध झाली आणि २४ जानेवारी २०२५ रोजी ती भारतातल्या चित्रपटगृहांत लागली. चित्र कधी नव्हे इतके निर्मळ. पण हिंदी डबिंग नवे. ज्यांनी लहानपणी तो पाहिला होता त्यांना पडद्यावर रंग सापडले आणि आवाज सापडले नाहीत.

ते जुने आवाज कोणाच्या घरी दूरचित्रवाणीवरून उतरवून घेतलेल्या कॅसेटवर असतील, तर एवढेच सांगणे आहे की ती पुसू नका आणि ट्रंकेत कोंडून ठेवू नका. आपल्या पावसाळी हवेत फितीला बुरशी लवकर धरते. उभी, कोरड्या जागी ठेवावी, आणि चालते आहे तोवर तिची दुसरी प्रत करून घ्यावी.